माहेरचा तुकडा

नमस्कार. मागे जे उभे आहेत त्यांनी खांबाजवळच्या लाल खुर्च्या घ्या, भरपूर आहेत. भाऊ असते तर एव्हाना त्यांनीच त्या मांडल्या असत्या आणि स्वतः मात्र कडेला उभे राहिले असते.

मी मंजिरी. शिंगोटे कुटुंबाची मी नातेवाईक नाही. पण वर आठव्या मजल्यावर, त्यांच्या घरात, मी सात महिने राहिलेय. इथे सिंगापुरात, यिशुनच्या या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, या व्हॉइड डेकमध्ये, आपण कोजागिरीला मसाला दूध प्यालोय, हळदीकुंकू केलंय, गणपतीच्या आरतीला घसा फोडून ओरडलोय. आज दत्ताभाऊंसाठी जमलोय, आणि दत्ताभाऊ नाहीत. गेल्या मंगळवारी सकाळी साडेसहाला कामावर निघाले होते. बूट घालायला स्टुलावर बसले, ते उठलेच नाहीत.

शैलावहिनी, केतकी, तुमच्यासमोर, भाऊंच्या बायको-लेकीसमोर, बोलणं मला जमेल की नाही, ठाऊक नाही. चार ओळी लिहून आणल्या होत्या. चांगल्या होत्या. पण कागद पर्समध्येच ठेवलाय, कारण आज सकाळी वहिनींनी मला एक काम सांगितलंय आणि ते त्या कागदावर नाही. ते शेवटी सांगते. पळून जाणार नाही.

आधी भाऊ काय काम करायचे ते सांगू द्या. तुमच्यासाठी भाऊ म्हणजे मिक्सर दुरुस्त करणारे, स्टेजची फळी उचलणारे, लिटिल इंडियातून सगळ्यांची भाजी आणणारे. नोकरीचं विचारलं तर म्हणायचे, "लॅबमध्ये आहे." संपलं. आपण कोणी पुढे विचारलं का कधी?

तर ऐका. आमच्या लॅबमध्ये आम्ही मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर काम करतो. मॅग्नेशियममध्ये थोडं ॲल्युमिनियम, चिमूटभर जस्त. तो धातू ओतायचा, तापवायचा, गार करायचा, पुन्हा तापवायचा, आणि त्याच्या पोटात काय बदललं ते बघायचं. भट्टी भाऊंच्या ताब्यात. तुकडे कापणं, तापवणं, घासून आरशासारखे करणं, सगळं त्यांच्याकडे. भाऊ आयटीआय झालेले. भोसरीच्या कारखान्यात आठ वर्षं पोलाद तापवून तेलात बुडवलेलं. नावापुढे डॉक्टर लावणारे आम्ही दहाजण त्यांच्या मागे मागे फिरायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक तुकडा दिला. साबणाच्या वडीएवढा. म्हणाले, "धर." मी लोखंड धरायच्या बेतानं हात घट्ट केला, आणि हात वरच गेला. इतका हलका! भाऊ हसले. "सगळ्यांचा जातो," म्हणाले. "आता आत बघ."

मायक्रोस्कोपला डोळा लावला. करड्या करड्या दाण्यांचा गालिचा, आणि दाण्यांच्या कडेकडेनं पांढरी जाळी. म्हणाले, "ही जाळी कडक, ठिसूळ. धातू मोडला तर इथून मोडतो. आता दुसरा बघ. हा चारशे तेरा अंशांवर दिवसभर ठेवला होता." मी बघितलं. जाळी नव्हती! धातू तोच, वजन तेवढंच, आणि जाळी नाहीशी. मी विचारलं, "भाऊ, गेली कुठे?"

"जाईल कुठे? आतच आहे. विरघळली." मग म्हणाले, "घरी साखरेचा पाक करतात ना? तापलेल्या पाण्यात साखर मावते. गार झाल्यावर तेवढी मावत नाही, पण चटकन गार केलीस तर तिला बाहेर पडायला सवड मिळत नाही. अडकून बसते. मग तो पाक नुसता कोमट ठेव. हळूहळू खडी धरतो." तिसरा तुकडा ठेवला. "हा एकशे अडुसष्ट अंशांवर सोळा तास मुरवलाय."

मुरवलाय! पुस्तकात त्याला एजिंग म्हणतात. भाऊ मुरवणं म्हणायचे, लोणच्यासारखं. मी बघितलं. तीच जाळी परत आली होती, पण जाळी म्हणून नाही. चिरोट्याच्या पदरांसारख्या बारीक बारीक रेघा होऊन, दाण्याच्या आतपर्यंत. मघाशी ज्याच्यामुळे तुकडा मोडणार होता, तेच आता त्याला बळकटी देत होतं. मग भाऊंनी मायक्रोस्कोपची एक काच फिरवली आणि सगळे दाणे रंगीत झाले. निळे, केशरी, जांभळे. मी ओरडलेच. मागून भाऊ म्हणाले, "बाहेरून काही दिसतं का? काही नाही. मला वीस वर्षं झाली. अजून रोज सकाळी पहिला तुकडा बघताना छातीत धडधडतं."

लोकहो, वीस वर्षं एकच गोष्ट रोज बघून रोज थक्क होणारा माणूस तुम्ही बघितलाय? मी बघितलाय. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो. डबा खायचा.

त्यांच्या दोन पद्धती होत्या. त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली. कोणताही तुकडा भट्टीत घालायच्या आधी भाऊ तो मधोमध कापायचे. अर्धा भट्टीत जायचा. अर्धा तसाच, न तापवता, जपून ठेवायचा. कारण भट्टीतून आलेल्याचं काय झालं ते कळायला, तो आधी कसा होता ते समोर लागतं. या न तापवलेल्या अर्ध्याला भाऊ म्हणायचे, माहेरचा तुकडा. स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, चिठ्ठी लावून ठेवायचे, कारण मॅग्नेशियमला पाण्याचं वावडं आणि इथली हवा म्हणजे निम्मं पाणीच. सगळी लॅब तो शब्द शिकली. ही वेई लिंग समोर बसलीय, हिला मराठीतले चारच शब्द येतात, त्यातला एक माहेर. नवीन कोणी आलं की ही कमरेवर हात ठेवून विचारते, "माहेर कीप ऑलरेडी ऑर नॉट?" केतकी, तिला सांग गं मी तिच्याबद्दल बोलतेय.

दुसरी पद्धत. चारशे तेरा अंशांवरून तुकडा बाहेर काढला की तो लगेच पंख्यासमोर न्यायचा. मध्ये रेंगाळलात तर जाळी परत धरायला लागते. एकदा कोणीतरी गप्पा मारल्या आणि चिमटा घसरला. तेव्हापासून भाऊंचा नियम. भट्टीच्या मुठीला हात घातला की मराठीत म्हणायचे, "दार उघडतोय. गप्प." चिनी, तमिळ, जर्मन, सगळे गप्प. आमचे प्रोफेसरसुद्धा. तुकडा पंख्यासमोर गार होईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. नुसता पंख्याचा आवाज.

आता माझं.

माझ्या पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं. बारा तुकडे होते, वेगवेगळे तास मुरवायचे, कडकपणा मोजायचा, आलेख काढायचा. त्यावर प्रबंध उभा. आता, हा धातू थेट तापलेल्या भट्टीत घालायचा नसतो. दोनशे साठला घालायचा आणि तासातासानं वर न्यायचा. नाहीतर ती कडेची जाळी विरघळायच्या आधीच वितळते. भाऊंनी मला हे शंभरदा सांगितलं होतं. त्या शुक्रवारी भाऊ रजेवर होते, भट्टी मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच मिळाली होती, आणि आधीच्या माणसानं ती चारशे तेरावर तापवून सोडलेली होती. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? घातले बाराही तुकडे.

बाहेरून काही दिसलं नाही. बाहेरून कधीच काही दिसत नाही.

कडकपणा मोजताना आकडे भलतेच यायला लागले. एक इथे, एक तिथे. मी काय केलं? चांगल्या जागा शोधून तिथेच मोजलं. आलेख असा देखणा आला की प्रोफेसरांनी तो दारावर चिकटवला. वहीत मी लिहिलं, हळूहळू तापवलं. दोनशे साठपासून.

दोन आठवड्यांनी भाऊ रजेवरून परत आले. त्यांनी तुकडे घासायला घेतले. पाणी नाही, स्पिरिट. एक तुकडा, दुसरा, तिसरा. मग मला हाक मारली. "मंजिरी, इकडे ये. हे बघ." मी बघितलं. दाण्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यात काळी भोकं. भाऊ शांतपणे म्हणाले, "हा आतून वितळला होता. कोपऱ्यात वितळून परत गोठलाय." आणि मग, "तुला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "नाही."

भाऊ ओरडले नाहीत. प्रोफेसरांकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर माझ्या टेबलावर दोन तुकडे ठेवलेले. एक माहेरचा, एक वितळलेला. शेजारी शेजारी. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ते उचलून त्यांना परत दिले. त्यांनी घेतले, "बरं" म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन तुकडे. चौथ्या दिवशी मी चिडले. मला राग फार पटकन येतो, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "भाऊ, सरळ जाऊन सांगा ना त्यांना!" भाऊ म्हणाले, "मी कशाला सांगू? तुकडे तुझे. तापवले तू. सांगायचं तर तूच."

नवव्या दिवशी मी प्रोफेसरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्यांनी दारावरचा आलेख काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. सगळं पुन्हा करायचं ठरलं. शिष्यवृत्ती संपत आली होती, हॉस्टेलची खोली सोडावी लागणार होती. पुढच्या शनिवारी भाऊ म्हणाले, "आमच्याकडे एक खोली आहे. केतकीला शेजारी घोरणारं कोणी चालत असेल तर ये."

सात महिने. भाऊ शनिवारी सुट्टी सोडून लॅबमध्ये यायचे, माझ्याबरोबर, दोनशे साठपासून, तासातासानं. वहिनींनी सात महिने मला डबा दिला. मी आजारी पडले तेव्हा पेज केली. दुसऱ्या वेळचा आलेख पहिल्याइतका देखणा आला नाही. खरा होता. पदवी मिळाली.

आता ती गोष्ट, जी इथल्या काही जणांना वेगळीच ठाऊक आहे.

पुण्याला मी माझ्या वडिलांना, अप्पांना, फोनवर एवढंच सांगितलं होतं की भट्टीत घोळ झाला, तुकडे गेले. भट्टी कोण सांभाळतं? शिंगोटे. अप्पांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मी त्यांना तसं समजू दिलं. पदवीदान समारंभाला अप्पा आले, भाऊंनी आम्हाला वर जेवायला बोलावलं. जोशी काका, तुम्ही होतात, कुलकर्णी काकू होत्या. सगळ्यांसमोर अप्पा म्हणाले, "शिंगोटे, तुमच्या हलगर्जीपणानं माझ्या मुलीचं वर्ष गेलं. राग मानू नका, पण बोलल्याशिवाय राहवत नाही."

आठवतं का तुम्हाला, भाऊ काय म्हणाले? भाऊ म्हणाले, "पोळी गरम आहे, घ्या." आणि माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही बघितलं नाही. मी बोलावं म्हणून त्यांनी जागा मोकळी ठेवली होती, आणि मी श्रीखंड खात बसले.

जेवणं झाल्यावर मी वहिनींबरोबर भांडी घासत होते. वहिनी हळूच म्हणाल्या, "मंजिरी, ह्यांना माफ कर गं. पूर्वीसारखं लक्ष राहत नाही त्यांचं. म्हणूनच मी ठरवलं होतं, तुला आपल्याकडे काही कमी पडू द्यायचं नाही." म्हणजे भाऊंनी घरातसुद्धा 'भट्टीत तुकडे गेले' एवढंच सांगितलं होतं! नवऱ्याच्या चुकीची भरपाई म्हणून या बाईनं मला सात महिने रांधून घातलं होतं, आणि चूक माझी होती. मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, "जाऊ दे हो वहिनी."

जाऊ दे. असं म्हटलं मी. माफ केल्यासारखं.

त्याला चार वर्षं झाली. मी त्याच लॅबमध्ये नोकरीला लागले. रोज भाऊंच्या शेजारी बसले. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. रोज सकाळी मायक्रोस्कोपवरून हाक मारायचे, "मंजिरी, ये गं, बघ काय आलंय!" त्याच धडधडीनं.

गेल्या सोमवारी दुपारी चार वाजता भाऊंनी एक तुकडा मुरवायला लावला. सोळा तास. म्हणजे मंगळवारी सकाळी आठपर्यंत. मंगळवारी साडेसहाला भाऊ गेले. आणि इथून दूर, त्या बंद खोलीत, त्यांनी लावलेली भट्टी आणखी दीड तास चालू होती. एकशे अडुसष्टवर. एक अंश इकडे नाही, एक अंश तिकडे नाही. तुकडा मुरत होता. त्याला कोण गेलं याची काय कल्पना?

आठला भट्टी टायमरनं आपोआप बंद झाली होती; दोन दिवसांनी मी आणि वेई लिंगनं तो बाहेर काढला. मी घासला. दोनदा चरे पडले, तिसऱ्यांदा जमला. डोळा लावला. लोकहो, मी शेकडो तुकडे बघितलेत. इतके सुरेख चिरोटे मी बघितले नव्हते. दाण्यादाण्यात पदर सुटलेले. सवयीनं तोंडातून निघालं, "भाऊ, या ना, बघा!" वेई लिंग रडायला लागली. मग मीही.

मग त्याचा माहेरचा तुकडा शोधायला मी भाऊंचा पोळ्यांचा डबा उघडला. तो वरच होता. त्याच्याखाली, अगदी तळाशी, एका पुडीत दोन तुकडे होते. माझे. वितळलेला आणि त्याचा माहेरचा. मी तर समजत होते, ते कधीच कचऱ्यात गेले असतील. वर भाऊंची चिठ्ठी होती, त्यांच्या त्या ठळक अक्षरात, इतर सगळ्या तुकड्यांना लावायचे तशीच. काय केलं, काय झालं, तेवढंच. लिहिलं होतं: "मंजिरी. थेट चारशे तेरा. आतून वितळला. नंतर खरं सांगितलं."

नंतर खरं सांगितलं. हेही त्यांनी नोंदवून ठेवलं होतं. अप्पांनी अपमान केल्यावरसुद्धा ती ओळ खोडली नव्हती. भाऊ, मी अर्धंच सांगितलं होतं.

आज सकाळी मी वर जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. भाऊंच्या फोटोवरचा हार सरळ केला. मला वाटलं, आता हाकलतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं लक्ष ढळलंच नव्हतं." त्यांचा आवाज असा होता, जणू काहीतरी परत मिळालं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथं स्वयंपाकघरात नको सांगूस मला. जेवताना चारजणांसमोर बोललं गेलं होतं ना? मग खाली सगळ्यांसमोर सांग."

म्हणून सांगितलं. जोशी काका, कुलकर्णी काकू, ज्यांनी ज्यांनी ऐकलं असेल त्या सगळ्यांना सांगते. दत्तात्रय शिंगोटे यांच्या हातून तुकडा बिघडला नव्हता. वर्ष त्यांनी घालवलं नव्हतं. चूक माझी होती, आणि त्यांच्या माथी ती मी राहू दिली. वहिनी, मला माफ करा असं मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त खरं सांगितलं.

अप्पांनाही काल फोन करून सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "मग मी त्या माणसाची माफी आता कुठे जाऊन मागू?"  तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर मला सांगा.

ते दोन तुकडे मी आणलेत. वहिनी, तुमच्या परवानगीनं यातला वितळलेला मी ठेवते, तो माझाच आहे. माहेरचा तुमच्याकडे राहू द्या. हलका आहे. हातात धरा, हात वर जाईल.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहणार आहोत. पण घड्याळ लावू नका. आमच्या लॅबच्या पद्धतीनं राहू. इथे हे चार मोठे पंखे सुरू आहेत, त्यांचा आवाज ऐका. तुकडा गार होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. वेई लिंग, प्रोफेसर, तुम्हाला हे भाषांतर करून सांगायची गरज नाही, हे तीन शब्द तुम्हाला येतात.

उठा सगळे.

दार उघडतेय. गप्प.